सलीमचाचांचा अंगठा

ती जीप हातात घेतलीच आहेस, तर बॉनेटवरून जरा बोट फिरव. लागला ना पोचा? ऐक मग.

मोलगीच्या घाटात धावते तशी ही वीतभर जीप मी आधी पुट्टीची घडवली आणि शेजारच्या सलीमचाचांना दाखवली. चाळीस वर्षं नंदुरबारात गाड्यांचं डेंटिंग करणारा माणूस. मी चहा आणायला आत गेलो, तेवढ्यात त्यांनी ती चाचपली. दुसऱ्या दिवशी मी घाईत, न बघताच, होतं नव्हतं ते सगळं सिलिकॉन ओतून साचा केला. त्यात रेझिन ओतलं, तर पहिलीच जीप बॉनेटवर अंगठ्याचा ठसा घेऊन बाहेर आली! दुसरी तशीच, तिसरीही तशीच.

मी जीप घेऊन तणतणत गेलो. "चाचा, हे काय करून ठेवलंत?"

"पुट्टी सुकनी का नही, ते देखं." त्यांनी ठशावर अंगठा ठेवला. चपखल बसला.

"आणा इकडे, भरून घासून टाकतो," मी हात पुढे केला.

चाचांनी जीप पोटाशी धरली. "चाळीस वरीस लोकस्ना गाड्यास्ना पोचा काढात, भाऊ. हाऊ एक मन्हा शे. ऱ्हाऊ दे."