लेकीच्या गावचं पाणी

तोंड उघडा म्हटलं तर आमचा म्हातारा दात घट्ट मिटून पडलेला. ओठ पांढरे, अंगाला घामाचा थेंब नाही, कातडी तव्यासारखी तापलेली, आणि लेक तांब्या घेऊन उशाशी बसलेली, बाबा प्या, बाबा प्या, आणि हा मान हलवतोय. न्हाय म्हणून. मरायला टेकलेल्या माणसाला मान हलवायला ताकद कुठून येते, काय सांगू तुम्हाला. दिघीच्या वरचा तो माळ, नुसता काळा कातळ आणि वाळलेलं गवत, सावलीला झाड नाही, सायकल तिकडे आडवी पडलेली. मला वाटलं, गेला आज हा. आणि गेला तो भरल्या तांब्यासमोर. लोकांना सांगू तरी काय?

मी रेवसची. शाळा चौथीपर्यंत, तीसुद्धा तिसरीत दोनदा बसून. लग्न झालं ते पाववाल्याशी. आमचा म्हातारा जन्मभर सायकलवर पाव विकत फिरला, मागे पत्र्याची पेटी, हँडलला भोंगा, उजाडायच्या आधी चार गावं फिरून यायचा. पाय त्याचे तेव्हाही लोखंडाचे आणि डोकंही. पाय म्हातारे झाले, डोकं तसंच राहिलं.

एकच लेक आम्हाला, वंदना. दिली दिघीच्या पलीकडे. घर चांगलं, जावई गरीब स्वभावाचा, सगळं झालं पण मूल झालं नाही. डॉक्टर झाले, देव झाले, सगळं करून ती दोघं गप्प बसली. आता आमच्यात असं आहे, लेक दिली की तिला मूल होईपर्यंत आईबापानं तिच्या घरचं पाणी प्यायचं नाही. हल्ली पाळतं कोण? आणि पाळणारे तरी चहा पितातच, चहाला पाणी धरत नाहीत. पण आमच्या म्हाताऱ्यानं घर तर धरलंच, वर गावही धरलं. गावची वेस ओलांडली की पाणी बंद. जायचं ते घरची बाटली घेऊन, पडवीत बसायचं, आपलीच बाटली तोंडाला लावायची. मीही त्याच्यापायी तसंच करायची, कोण रोज भांडणार? लेकीची सासू वाईट नाही हो, पण एकदा म्हणालीच, विहीणबाई, आम्ही कुणी वंदीला बोलत न्हाय, पण तुमची ही बाटली बोलते.

मी ते म्हाताऱ्याला सांगितलं. तो म्हणतो, रीत हाय. म्हटलं, रीत तुमच्या बापानं तरी पाळली का? तो उठून सायकलला तेल घालायला गेला.

तर जावयानं नवीन घर बांधलं, वास्तुशांत ठरली, वंदीचा फोन आला. बाबा, या वेळी घरात यायचं, पंगतीत बसून जेवायचं. हा म्हणतो, नातवंड दाखव, मग जेवतो. ती म्हणाली, मग येऊच नका, आणि फोन ठेवला. बाप तशी लेक. मधल्यामधे मी.

त्यात आणखी ती सायकलवाली मुलं. धक्क्यावर माझी चहाची टपरी आहे, मुंबईची लाँच लागली की ही मुलं सायकली खांद्यावर घेऊन उतरतात, घट्ट चड्ड्या, डोक्याला टोप, किनाऱ्या-किनाऱ्यानं गोव्याला जातो म्हणतात. कुणी बोलावलंय का तिकडे? न्हाय मावशी, असंच. असंच! म्हातारा पावाच्या गोष्टी सांगत बसला आणि सांगता सांगता म्हणाला, मीसुद्धा जाणार हाय दिघीच्या पलीकडे, लेकीकडे, सायकलनं. मुलं म्हणाली, काका, सलाम तुम्हाला. झालं, गेलं काम. एकानं जुना टोप दिला तो घालून हा घरात आरशासमोर.

म्हटलं, तिनं येऊ नका सांगितलंय. म्हणतो, बापाला आमंत्रण कशाला लागतं? म्हटलं, एस.टी.नं चला. म्हणतो, तू जा एस.टी.नं.

गेले मी एस.टी.नं. हा अंधारातच निघालेला. आगरदांड्याच्या जेट्टीवर बसून बसून माझी कंबर धरली, आला तो दुपारी, उकडलेल्या चिंबोरीसारखा लाल होऊन, आणि आल्या आल्या एक अख्खी बाटली डोक्यावर ओतली, फेरीबोटीतले लोक बघतायत म्हणून. राहिली एक. पलीकडे दिघीला उतरलो, रिक्षा समोर उभी, मी पाय ठेवला तर हा म्हणतो, मागे बस, तुला नेतो. या वयात! पण त्याला एकटा सोडला तर माळावर पडेल, म्हणून चढ चालत चढले आणि वर सपाटीला कॅरियरवर बसले. कोण म्हणतं जुने दिवस आठवतात? मला माझी हाडं आठवली, एकेक.

माळावर मध्यात चाकाची हवा गेली. आता ऐका. या माणसानं काय करावं? ट्यूब काढली, माझ्या पिशवीतून लाडवांचा डबा घेतला, लाडू माझ्या पदरात ओतले, आणि उरलेल्या बाटलीतलं सगळं पाणी डब्यात ओतून ट्यूब बुडवून बुडबुडे शोधत बसला. अहो, पाणी! म्हटलं. म्हणतो, मग भोक कसं सापडणार? भोक सापडलं. ठिगळ लागलं. डब्यातलं पाणी काळं झालं. आणि ऊन कसं, तर कातळावर पाय ठेवावा तर चप्पल चिकटते.

एक मोटारसायकलवाला आला, वंदीच्याच गावचा. थांबला, बाटली पुढे केली. मी प्यायले. मला मरायचं नव्हतं. म्हाताऱ्यानं विचारलं, पाणी कुठलं? तो म्हणाला, आमच्या विहिरीचं. यानं हात मागे घेतला. चला गाडीवर बसा म्हणाला, तर तेही नको. तो माणूस माझ्याकडे बघायला लागला. म्हटलं, बाबा, जा आणि वंदनाला सांग, तुझा बाप माळावर आहे. तो गेला, आणि हा सायकलवर टांग टाकायला उठला आणि आडवाच झाला.

वंदी त्याच गाडीवर मागे बसून आली, हातात तांब्या. येऊ नका म्हणणारी ती, अनवाणी आली. आधी डोकं भिजवलं, मग तोंडाशी तांब्या नेला, आणि मग ती मान. न्हाय. वंदी म्हणाली, बाबा, मला मूल न्हाय म्हणून माझं पाणी कडू झालं व्हय? तरी दात मिटलेले.

माझं डोकं फिरलं. मी त्याला पाठीला गुडघा लावून बसता केला आणि लहान पोराला एरंडेल पाजताना दाबतात तसं नाक दाबलं. किती वेळ धरणार? उघडलं तोंड. वंदी, ओत थोडं थोडं, म्हटलं. ठसकला, अर्धं सदऱ्यावर, अर्धं आत. मग म्हणतो, बाटवलंस मला. वंदी म्हणाली, मग ओका ते. इथंच ओका, मी बघते.

तो बघत राहिला तिच्याकडे. मी नाक सोडलं होतं, हे सांगते, सोडलं होतं. त्यानं दोन्ही हातांनी तांब्या ओढून घेतला आणि रिकामा करूनच खाली ठेवला. म्हणाला, अजून हाय?

दवाखान्यात सलाईन लावलं. दुसऱ्या दिवशी पंगतीत बसला, डाळीत मीठ जास्त म्हणाला, वंदीनं त्याच्याच पानात आणखी वाढली. तेव्हापासून जातो तेव्हा पडवीत बसत नाही, थेट आत, आणि चहा गोड नाही म्हणून कुरकुरतो. बाटली घरीच असते. टोप कोंबडीनं अंडी घालायला घेतलाय.

मूल झालं नाही. होणारही नाही, आता कुणी विचारत नाही. त्या माळावर आम्ही तिघं होतो, म्हातारा, वंदी आणि मी. तिघंही अजून आहोत, तेवढं पुरे.