करंगळीखालचं टिंब

(सोलापूर, १९७४. टाइपरायटर आणि कचेरीच्या सामानाचं दुकान, भर दुपार. एका कचेरीचे हेडक्लार्क शंकरप्पा टायपिस्ट रत्नम्माला घेऊन नवं मशीन निवडायला आले आहेत. राजेशम दुकानाचा मालक.)

राजेशम : आता ह्या दुसऱ्यावर बसा की, बाई. पहिल्यावर दोन ओळी मारल्या न् लगीच 'हेच चालंल' म्हणताय. चप्पल घेताना तरी माणूस चार पावलं चालून बघतो.

शंकरप्पा : अहो राजेशम, चालेल म्हणतायत ना त्या? साहेबांनाही तेच मोठं पसंत आहे. आवाज कसा दणदणीत! दाराआडून खडखड ऐकू आली की साहेबांना बरं वाटतं, काम चाललंय म्हणून.

राजेशम : ऐकणार साहेब, मारणार बाई. बटणं लई घट्ट हायत त्याची. दिवसभर बडवायचं म्हणजे खेळ न्हाय.

रत्नम्मा : सवय आहे मला. जुनंही तसंच आहे. हेच घेऊ या, काका.

शंकरप्पा : झालं तर मग. आता खुर्ची बघ एखादी.

रत्नम्मा : खुर्ची नको.

शंकरप्पा : अगं, साहेब स्वतः म्हणालेत, खुर्चीपण घेऊन टाका. उन्हाळ्यात तूच मागितली होतीस की.

रत्नम्मा : मागितली होती म्हणूनच नको.

राजेशम : हे कसलं कोडं?

शंकरप्पा : काही नाही हो, गंमत. हिनं साहेबांना म्हटलं, टायपिंगला आरामाची खुर्ची मिळाली तर बरं. साहेबांनी तिथंच ओरडून सांगितलं, 'अरे, बाईंना आरामखुर्ची आणा रे! पाय पसरून पेपर वाचायचाय त्यांना.' सगळी कचेरी हसली.

रत्नम्मा : अजून हसतात. पाणी प्यायला उठले तरी विचारतात, झाली का झोप?

राजेशम : बरं, ऱ्हाऊ द्या खुर्ची. पण ह्या मशीनवर दोन शब्द मारा, माझ्यासाठी. हलक्या हाताचं हाय.

शंकरप्पा : मार गं, त्यांचं समाधान होऊ दे. आणि टिंबं नीट दे, नाहीतर इथंही शोभा व्हायची.

राजेशम : टिंबं?

शंकरप्पा : अनुस्वार हो. हिच्या पत्रांतले अनुस्वार गळतात. 'संबंधितांना'चं 'सबधिताना'. तसंच पत्र पुण्याला गेलं, आणि साहेबांना तिथून टोमणा आला. मग साहेब सगळ्यांसमोर मला म्हणाले, 'शंकरप्पा, तुमच्या कानडी लोकांना मराठी कधी येणार?' मी दुधनीचा, ही अक्कलकोटची. दोघं खाली मान घालून उभे. मेल्याहून मेल्यासारखं झालं बघा. त्या दिवसापासून हिला व्याकरणाचं पुस्तक दिलंय.

रत्नम्मा : वाचते मी ते.

शंकरप्पा : वाचतेस, पण हातात उतरत नाही ना!

राजेशम : बाई, रागावू नका. मारताना तुमची डावी करंगळी वरच ऱ्हाती. टिंबाचं बटण तर तिच्याच खाली हाय. तुमी शेजारचं बोट वाकडं करून तितं नेताय.

रत्नम्मा : सवय आहे तशी.

राजेशम : अशी सवय कुटल्याबी क्लासात लावत न्हाईत.

शंकरप्पा : रत्नम्मा, बघू हात.

रत्नम्मा : बेडा, काका. नको.

शंकरप्पा : दाखव म्हणतो ना! ...अगं, हे केवढं सुजलंय! काय झालंय बोटाला?

रत्नम्मा : दाबलं की कोपरापर्यंत कळ जाते. मग बधिर होतं. मला वाटतं दाबलं, पण जोर पडलेलाच नसतो.

शंकरप्पा : आणि कागद तपासत नाहीस?

रत्नम्मा : तपासते की. राहिलेली टिंबं पेनानं देते. पण घाई असली की साहेब कागद मशीनमधूनच ओढून नेतात.

शंकरप्पा : कधीपासून चाललंय हे?

रत्नम्मा : खुर्ची मागितली त्याच्या आधीपासून. म्हणूनच तर मागितली होती. टेबल उंच, खुर्ची बुटकी, हात अधांतरी धरून मारावं लागतं. पण सगळे हसले. मग बोट दुखतंय म्हणायची लाज वाटली. आणि भीतीपण. टायपिस्टचं बोट गेलं की टायपिस्टच गेली, काका. दुसरी आणायला कितीसा वेळ? घरी आई नि मी, दोघीच.

शंकरप्पा : पण माझ्यापुढं बसून अनुस्वाराचे नियम पाठ म्हणून दाखवत होतीस की तू!

रत्नम्मा : ते मला शाळेपासून येतात. मराठीत वर्गात पहिली यायचे मी.

शंकरप्पा : मग साहेब तसं बोलले तेव्हा गप्प का राहिलीस?

रत्नम्मा : वाटलं, मराठी येत नाही म्हटलं तर शिकवतील. हात चालत नाही म्हटलं तर काढून टाकतील. पण तुमची मान खाली गेलेली पाहिली, आणि तेव्हापासून तुमच्याकडं वर बघून बोलवत नाही मला. एका बोटापायी मी आपल्या सगळ्यांना नावं ठेवू दिली.

शंकरप्पा : अय्यो शिवा! अगं, साहेब परके. मला तरी कळायला नको? त्यांनी म्हटलं न् मी खरं मानलं. आपल्याच पोरीबद्दल. तुला सांगतो, त्या दिवसापासून घरात कानडी बोलायचं सोडलंय मी. पोरांचं मराठी बिघडेल म्हणून. तुझी काकू, शांतम्मा, कानडीत काही विचारते, मी मराठीत उत्तर देतो. आता तीपण फारशी विचारत नाही.

राजेशम : आमच्या घरात तेलुगू, गल्लीत दख्खनी, शाळेत मराठी. पोरं तिन्हींत भांडत्यात, कुटं काय बिघडलंय? बाई, बसा ह्या खुर्चीवर. स्क्रू फिरवून वर करतो. पाय टेकले? हात खाली आले? आता मारा, करंगळी नुसती ठेवा. दाबू नका.

रत्नम्मा : टिंब उठलं, काका!

शंकरप्पा : काय मारलंस?

रत्नम्मा : 'संबंधितांना'. तिन्ही टिंबं आली.

शंकरप्पा : राजेशम, हे मशीन घेतलं. खुर्चीपण हीच.

राजेशम : साहेबाला ते मोठं पसंत होतं म्हणालात. ह्याची खडखड दाराबाहेर जायची न्हाय.

शंकरप्पा : नाही तर नाही. टायपिंग वाचायचं असतं, ऐकायचं नसतं.

रत्नम्मा : साहेब विचारतील तुम्हाला. बोटाचं सांगू नका, काका. पाया पडते.

शंकरप्पा : नाही सांगत. त्या आवाजानं माझं डोकं उठतं म्हणेन. तू मात्र उद्या डॉक्टरला हात दाखवायचा.

रत्नम्मा : आणि खुर्चीला हसले तर?

शंकरप्पा : शंकरप्पानं आरामखुर्ची मागवली म्हणून सांग. मला हसू देत. ती मराठीची गोष्टही मीच काढीन साहेबांपुढं. या वेळी मान वर करून.

रत्नम्मा : चला मग, कचेरीत वाट बघत असतील.

शंकरप्पा : तू हो पुढं. मी घरावरून येतो.

रत्नम्मा : आत्ता? काही विसरलं का?

शंकरप्पा : शांतम्माला हाक मारून येतो. आपल्या भाषेत.