रेणुकाचं राहिलेलं प्रॅक्टिकल

काय सांगू तुम्हाला, आमच्या घरात शाळा एकाच्याच वाट्याला येणार होती. बाप सालगडी, आई रोजंदारीवर, गाव लोहारा तालुक्यातलं, जमीन काळी अन् चांगली, पण सगळी दुसऱ्याची. भाकरी असायची, तिच्याबरोबर कोरड्यास असंलच असं न्हाय, मग मीठ-मिरची. आमी दोघं भाऊ. थोरला माझ्यापेक्षा हुशार, पाढे मला त्यानंच शिकवले, पण बापानं ठरवलं एकानं शाळंत जायचं अन् एकानं म्हशीमागं, थोरला अंगानं दांडगा म्हणून तो म्हशीमागं गेला. एवढ्याच कारणावरनं मी आज सर आहे अन् तो न्हाय.

आमच्या बुद्धवाड्यातला पहिला ग्रॅज्युएट मी, हे मी छाती काढून सांगतो, त्यात लाजायचं काय. पुढं एमेस्सी केलं, केमिस्ट्रीत. आता तालुक्याच्या कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवतो, बीएस्सीचं पहिलं वर्ष. पर्मनंट झालो न्हाय, आता होईन असंही वाटत न्हाय.

पहिल्या वर्षाची पोरं म्हणजे लई भित्री. दहावीपर्यंत आम्ल, आम्लारी म्हणत आलेली, ब्युरेट हातात द्यायला गेलं की मागं सरकतात. काचेची ती लांब नळी, खाली तोटी, त्यातनं थेंब थेंब सोडायचा अन् खालच्या फ्लास्कात रंग कधी पालटतो ते बघायचं, ह्याला टायट्रेशन म्हणतात. एका थेंबानं फिकट गुलाबी झालं पाहिजे. पोरं भसकन सोडतात, मग गडद होतं, मी म्हणतो, झालं, लग्नातलं सरबत केलंस, आता पाहुण्यांना वाट. सगळी हसतात, अन् हसली की भीती जाते. डिस्टिल्ड वॉटर संपलं की ग्यारेजवाल्याकडनं बॅटरीचं पाणी आणायचं, पण हातानं करायला लावायचं, हा माझा हट्ट.

त्यात एक पोरगी होती रेणुका. बाप मल्लिनाथअण्णा, त्यांचं खेड्यात किराणा दुकान, घरात कानडी बोलायची माणसं. ती रोज येष्टीनं यायची. तिचा हात असा बसला होता म्हणता, तो एक थेंब तिला बरोबर धरता यायचा. मला म्हणायची, सर, परीक्षेला बाहेरचे सर येतील तेव्हा मी करून दाखवते. वर्षभर तिचं तेच.

आता आमच्याकडची रीत सांगतो. प्रॅक्टिकलच्या परीक्षेला परीक्षक दुसऱ्या जिल्ह्यातनं येतात. अन् एवढ्या लांबनं माणूस आला अन् तुळजापूरला आईचं दर्शन न घेता परत गेला, तर कॉलेजची लाज जाते असं आमच्याकडं मानतात. माणसं वाईट न्हाईत हो, पाहुणचार म्हणून करतात. त्या दिवशी परीक्षक दुपारी पोचले, जेवण झालं, जीप दारात लागली. पोरं ब्युरेटी भरून उभी. परीक्षकांनी दारातनंच बघितलं अन् म्हणाले, छान तयारी आहे, सगळ्यांना चांगले मार्क देऊन टाकू. मी पुढं झालो, म्हणलं, सर, एका तरी पोरीचं बघा. ते म्हणाले, दर्शनाची लाईन मोठी असते सर. प्राचार्य हसून म्हणाले, ह्यांना राहू द्या, हे लॅबलाच देऊळ समजतात. जीप गेली. म्या पोरांना म्हणलं, करा, मी बघतो. रेणुकानं केलं, पहिल्याच झटक्याला फिकट गुलाबी. तिनं फ्लास्क धुतला, पालथा ठेवला अन् येष्टी गाठली.

निकाल लागला. तिच्या गल्लीतला एक पोरगा पुण्यात कंपनीत कामाला, वर्षभर कॉलेजचं तोंड बघितलं न्हाय, फक्त परीक्षेला आलेला, ब्युरेट उलटी धरणारा. त्याला अन् हिला सारखेच मार्क. मल्लिनाथअण्णा मला भेटायला आले. रागावले न्हाईत, बसले, पाणी पिले. म्हणाले, सर, तुमीच सांगा, न येता तेवढंच मिळतंय तर पोरीला रोज येष्टीत कशाला धाडू?

मी म्हणलं, अण्णा, तिचा हात चांगला आहे. ते म्हणाले, व्हय, पण हात कागदावर दिसत न्हाय ना. तिचं नाव सायन्समधनं काढलं, बाहेरनं बीए करायला लावलं. नव्या पोरांचा तास घेताना ती बसायची त्या बाकाकडं नजर जायची. लई वाईट वाटतं हो, शिकवायचं तेवढं शिकवलं अन् राखता आली न्हाय.

पुढच्या वर्षी मी भांडलो न्हाय. भांडून रीत मोडत न्हाय. प्राचार्यांना म्हणलं, पाहुण्यांना आदल्या संध्याकाळीच तुळजापुरात उतरवू, दर्शनाला मी नेतो. प्राचार्य म्हणाले, तुम्ही? आमचं बुद्धाचं घर, देवळाच्या लाईनीत मी जन्मात उभा राहिलो नव्हतो. त्या पहाटं राहिलो, परीक्षकांची पिशवी धरून. त्यांनी हात जोडले, मी बाजूला उभा. बाहेर येऊन चहा पिलो, मित्राच्या जीपनं निघालो अन् कॉलेज उघडायच्या वेळंला लॅबमध्ये होतो. आता त्यांना जायची घाई कशाची? पुरता दिवस बसून एकेकाचं बघितलं. तेव्हापासनं दर वर्षी तसंच. वस्तीतली पोरं मला चिडवतात, काका, पुजारी झाला काय. म्हणू द्या.

मागं बाजारात रेणुका भेटली, बापाच्या दुकानाचा माल घेऊन चाललेली. म्या तिला हे सगळं सांगितलं. ती म्हणाली, बरं झालं सर. मग म्हणाली, मी एक वर्ष उशिरा यायला पाहिजे होतं.

यंदाबी पहिल्या वर्षाच्या प्रत्येक पोरानं अन् पोरीनं परीक्षकासमोर आपल्या हातानं टायट्रेशन केलं, अन् ज्याला त्याला ज्याचे त्याचे मार्क पडले.