'कट'नंतरच्या अडतीस फ्रेम्स

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या चित्रपट कंपनीचे मालक माननीय अदिसोर्न साहेब, ज्येष्ठ दिग्दर्शक क्रित्सदा साहेब, आपल्या प्रत्येक चित्रपटाचा पहिला खेळ देवस्थानासमोर लावणारे बुनलर्तकाका, सत्कारमूर्ती लामयोंगकाकू, सभागृहातील माझ्या सहकाऱ्यांनो, आणि शेवटच्या रांगेतल्या मोकळ्या खुर्च्यांवर कुणी बसले असतील तर तेही,

मी नुन. संकलन आणि ध्वनी विभागात सहा वर्षे आहे. मला भाषण करता येत नाही, म्हणून काल निवेदकांना विचारले. ते म्हणाले, "काकूंबद्दल चार चांगले शब्द बोल आणि खाली बस." चांगले शब्द माझ्याकडे थोडे आहेत. घटना आहेत, त्या सांगते.

लामयोंगकाकू एकतीस वर्षे या कंपनीच्या भूत होत्या. चित्रपट त्रेसष्ट. त्यात त्या कॅमेऱ्यासमोर दोनशे चौदा वेळा मेल्या. आकडा मी स्वतः मोजला आहे.

मी रुजू झाले तेव्हा माझा समज असा होता की भीती म्हणजे आवाजाची पातळी. वीस सेकंद शांतता ठेवायची आणि मग एकदम दणका द्यायचा. काकूंनी माझे पहिलेच काम ऐकले आणि म्हणाल्या, "पोरी, हे फुगा फुटला तरी होतं. यात तू काय केलंस?"

मला राग आला होता. पण त्याच वर्षी आपण अकरा महिने खपून संगणकावर एक भूत तयार केले. त्याच्या केसांची हालचाल भौतिकशास्त्राच्या नियमांनुसार अगदी अचूक होती. बासष्टाव्या मिनिटाला खुलासा झाला की भुताला आपले हरवलेले कानातले परत हवे आहे. माझ्या पुढच्या रांगेतल्या बाई सुके माकूळ चघळत होत्या. त्या मोठ्याने म्हणाल्या, "अगं बाई, मग देऊन टाका ना! एवढी दुकानं उघडी आहेत!" अख्खे थिएटर हसले. भुताला काय हवे ते कळले की ते अर्जदार होते. अर्जदाराला कोण भिते?

काकूंची पद्धत वेगळी होती. प्रत्येक प्रसंगाआधी त्या दिग्दर्शकांना एकच प्रश्न विचारत.

"हिला ठाऊक आहे का, ती मेलीय ते?"

"काकू, तुम्ही नुसत्या दारातून आत या हो."

"येते ना. पण ठाऊक असलं तर एक चाल, नसलं तर दुसरी. आणि मी सावकाश येणार. घाई जिवंत माणसाला असते."

एका चित्रपटात मेलेली आई कच्च्या पपईची कोशिंबीर कुटता कुटता मुलाला विचारते, "मिरच्या किती घालू?" एवढेच. त्या प्रसंगाला मी एकही आवाज जोडला नाही. लोक पाय वर घेऊन बसले होते.

आता मूळ विषयाकडे येते. साहेब, आपण घड्याळाकडे पाहिलेत ते मी पाहिले. लवकर संपवते.

आपल्याकडे मरणाचा शॉट संपला की दिग्दर्शक 'कट' म्हणतात, पण कॅमेरा चालू राहतो. मेलेला नट डोळे उघडतो, कॅमेऱ्यात पाहून हसतो, आणि मग कॅमेरा बंद होतो. शेवटचे चित्र प्रेताचे राहिले तर मरण अंगाला चिकटते. हे कुणी शिकवत नाही आणि कुणी चुकवतही नाही.

गेल्या वर्षीच्या चित्रपटात काकू एकाहत्तराव्या मिनिटाला मरतात. भिक्षूंचे मंत्रपठण चित्रापेक्षा दीड सेकंद लांब होते. मध्ये काळा पडदा दिसू नये म्हणून मी शॉटची शेपटी, म्हणजे 'कट'नंतरचा तुकडा, अडतीस फ्रेम्स ओढली. तात्पुरती. उद्या नीट कापू, असे ठरवले. त्या दुपारी देवस्थानाचा खेळ एक दिवस अलीकडे आला आणि प्रत गेली.

पहिला खेळ नेहमीप्रमाणे देवस्थानासमोर, पन्नास रिकाम्या खुर्च्यांपुढे झाला. तिथल्या न दिसणाऱ्यांनी पाहिल्याशिवाय आपण माणसांना चित्रपट दाखवत नाही. बुनलर्तकाकांनी दुसऱ्या दिवशी फोन केला, "कुणीही उठून गेलं नाही. पसंत आहे." त्या खुर्च्यांवर माणसे असती तर एखाद्याने तरी विचारले असते, की अहो, हे प्रेत का हसते आहे? कुणी विचारले नाही. तीच प्रत सगळीकडे गेली.

पुढचे आपल्याला माहीत आहे. लोकांनी त्या दीड सेकंदासाठी चार-चार वेळा तिकीट काढले. आपल्या इमारतीच्या लिफ्टमध्ये 'कृपया अनोळखी व्यक्तीकडे पाहून हसू नये' अशी सूचना लागली. क्रित्सदा साहेबांनी नऊ मुलाखतींत त्या हास्यामागची कल्पना समजावून सांगितली. मी त्या सगळ्या वाचल्या. मला पटल्या. तरीही ती कल्पना नव्हती, माझी चूक होती. हे मी आज प्रथमच सांगते आहे. साहेब, पाणी घ्या.

काकू, तुम्ही आठ महिने क्रित्सदा साहेबांशी बोललेल्या नाहीत. त्यांनी ते हसू मुद्दाम ठेवले असे तुम्हाला वाटले, आणि त्यांनी वाटू दिले. बोलायचे नसेल तर माझ्याशी बोलू नका.

नंतर काय झाले ते सभागृहाला ठाऊक नसेल. काकू बाजारात मासळीची चटणी घ्यायला गेल्या आणि सवयीने हसल्या, तर दुकानदारीण टेबलाखाली गेली. पण ते काकूंनी सोसले असते. त्यांचे दुखणे वेगळे होते. ते मी त्यांच्याच शब्दांत सांगते. मी त्यांच्याकडे आरोग्यतपासणीचा कागद घेऊन गेले होते.

"कशाला तपासणी? रक्तदाब निघाला तर डॉक्टरचीच पंचाईत."

"म्हणजे काय, काकू?"

"अगं, मेल्यावर हसायचं ते परत यायला. माझं परत यायचं हसू गोष्टीत गेलं. प्रेताच्या खात्यात. मग मी आले कुठे? त्या दिवसापासून मी मेलेलीच आहे."

"असं नसतं."

"मग सिद्ध कर. तू शिकलेली ना?"

मी तपासणीचा कागद घेऊन परत आले.

मग अध्यक्ष साहेबांनी दुसरा भाग काढायला घेतला. काकूंकडून सव्वीस वेळा मुद्दाम हसून घेतले. एकही उपयोगी पडले नाही, कारण आता त्या भूत म्हणून हसत होत्या. पहिल्या वेळी एक बाई काम संपले म्हणून हसली होती, आणि ते हसू प्रेताच्या चेहऱ्यावर उमटले होते. भय त्या फटीतून आले. फट ठरवून पाडता येत नाही, असे माझे तांत्रिक मत मी लेखी दिले. साहेबांनी त्यावर शेरा मारला, 'मग जुनी दोनशे तेरा हास्ये काढा आणि ओळीने लावा.' ते काम माझ्याकडे आले.

काकूंना हे कळले तेव्हा त्या एवढेच म्हणाल्या, "तेवढी तरी ठेवा. दोनशे तेरा वेळा मी खरंच परत आले होते." आणि त्यांनी राजीनामा दिला. आजचा सत्कार त्याचा आहे.

काकू, तुमच्या प्रश्नाचे उत्तर मिळाले आहे. त्या दिवशी सेटवर ध्वनिमुद्रण चालू होते. चित्रपटात मी त्यावर मंत्रपठण चढवले, म्हणून ते कुणी ऐकले नाही. मूळ मुद्रणात क्रित्सदा साहेबांचा 'कट' स्वच्छ आहे. तो शब्द संपल्यानंतर पहिल्या अकरा फ्रेम्स तुम्ही प्रेत आहात. बाराव्या फ्रेमला तुमच्या ओठाची डावी कड हलते. म्हणजे आधी गोष्ट संपली, मग तुम्ही परत आलात, मग हसलात. क्रम असा आहे. नंतर कुणी ते कुठेही जोडले तरी क्रम बदलत नाही. आपण ऐकू. चित्रही लावते.

(मुद्रण ऐकवले जाते.)

काकू म्हणतात, "परत लाव."

(पुन्हा ऐकवले जाते.)

त्या म्हणतात, "अजून एकदा, आणि क्रित्सदा साहेबांनी इकडे येऊन माझ्या शेजारी बसून ऐकावं." साहेब, कृपया जा. खुर्ची आहे.

(तिसऱ्यांदा ऐकवले जाते.)

बारावी फ्रेम सगळ्यांना दिसली. आभारी आहे.

याच क्रमाचा दुसरा परिणाम असा. कलाकारांच्या कराराच्या चौथ्या कलमात लिहिले आहे की 'ॲक्शन'पासून 'कट'पर्यंतचे चित्रण कंपनीचे. त्यानंतरच्या चित्रणाबद्दल करार काहीच म्हणत नाही. मी कायदा विभागाला लेखी विचारले, की 'कट'नंतरचा चेहरा कुणाचा? त्यांनी लेखी उत्तर दिले, 'ज्याचा त्याचा.' त्यांना वाटले मी तात्त्विक प्रश्न विचारते आहे. सही आणि शिक्का आहे. काकू, तुमच्या मांडीवरच्या पेटीत मिठाई नाही. त्यात दोनशे चौदा शेपट्या आहेत, तारखांसह. कंपनीच्या साठ्यातला प्रत्येक शॉट आता 'कट' शब्दावर संपतो. दुसऱ्या भागासाठी माझ्याकडे लावायला काही नाही.

थोड्या वेळाने समूहछायाचित्र आहे. छायाचित्रकारांना विनंती आहे की काकूंना 'हसा' असे सांगू नये. त्यांचे त्या ठरवतील.

अध्यक्ष महोदयांनी मला बोलू दिले, विशेषतः शेवटची दोन मिनिटे, याबद्दल मी त्यांची ऋणी आहे. बुनलर्तकाकांनी ध्वनियंत्रणा दिली, त्यांचेही आभार. माझ्या बोलण्यात, किंवा आज सकाळी साडेनऊ ते पावणेअकरा या वेळेत साठ्याच्या खोलीत माझ्या हातून जे काही झाले त्यात, कुणाला उणे वाटले असेल तर त्यांनी मोठ्या मनाने पोटात घालावे. चूक मात्र मी एकच मानते, ती अडतीस फ्रेम्सची आहे, आणि तिची क्षमा फक्त काकूंकडे मागते.

मी थांबते.