गडग्यावर टांगलेले सापळे

सन्माननीय अध्यक्ष अनिलराव, व्यासपीठावरील पाहुणे मंडळी, आजच्या सत्कारमूर्ती विमलाताई बैकर, मंडणगडाहून मुद्दाम आलेली त्यांची घरची माणसं, माझे बागायतदार बंधू-भगिनी, आणि दुसऱ्या रांगेत पाय लांब करून बसलेला माझा थोरला भाऊ आप्पा, सर्वांना नमस्कार.

चौदा वर्षं आपल्या भागात कृषी सहायक म्हणून काढून विमलाताई आज निवृत्त होत आहेत. त्यांच्या कामाची यादी अध्यक्षांनी वाचलीच. मी हरिहर, पूर्णगडच्या अलीकडे माझी हापूसची बाग आहे. मी फक्त एका माशीविषयी बोलणार आहे. सत्काराच्या दिवशी माशी कशाला, असं वाटेल. पण माझ्या घरात विमलाताई आल्या त्या माशीमुळेच.

सहा वर्षांपूर्वीची गोष्ट. वरून सोन्यासारखा दिसणारा आंबा, आणि कापला की आत अळ्या. ओळीनं दोन वर्षं मुंबईच्या गिऱ्हाइकांनी पेट्या परत पाठवल्या. माझा गौरव म्हणाला, "बाबा, आणखी एक हंगाम बघू, नाहीतर बाग विकून टाकू." वडिलांनी लावलेली कलमं. मला रात्रीचं जेवण जाईना.

विमलाताईंनी बारा सापळे दिले. प्लास्टिकचा डबा, आत औषध लावलेला बोळा. त्या वासावर फळमाशी येते आणि आतच मरते. बागेत सगळीकडे सारख्या अंतरानं टांगा, असं त्यांनी बजावलं होतं. मी काय केलं? बाराच्या बारा सापळे एका बाजूला, आप्पाच्या बागेकडच्या हद्दीच्या गडग्यावर ओळीनं टांगले.

आता कोकणातल्या माणसांना हे का, ते सांगायला नको. जांभ्या दगडाचा तो गडगा कुणाच्या हद्दीत हातभर सरकला, यावरून आम्ही दोघे भाऊ नऊ वर्षं एकमेकांशी बोलत नव्हतो. तेव्हा माशी येणार ती आप्पाकडूनच, याबद्दल माझ्या मनात शंका कसली? पंधरा दिवसांत डबे भरले. मी ते मोठ्या तोऱ्यात ताईंना दाखवले.

ताईंनी वर्तमानपत्रावर माशा ओतल्या, काडीनं चाळल्या आणि म्हणाल्या, "काका, यात मादी एकही नाही." मादीला मागं सुईसारखं टोक असतं, त्यानंच ती सालीखाली अंडी घालते. सापळ्याच्या वासाला भुलतो तो नर. मग ताईंनी आमच्या तुळशीची चार पानं चुरडली आणि हात पुढं धरून उभ्या राहिल्या. थोड्या वेळानं एक माशी येऊन बोटावर बसली, मग दुसरी. तुळशीतही त्याच जातीचा वास असतो म्हणे. नर तो चाखतो, अंगात मुरवतो, आणि त्याच वासावर मादीला बोलावतो. मादीचा जोडीदार ठरला की ती निघते पिकल्या फळाचा वास काढत. जन्मभर ज्या तुळशीला पाणी घातलं, तिच्यापाशी कोण कशाला येतं, हे मला साठाव्या वर्षी कळलं.

मी विचारलं, मग अळ्या का थांबत नाहीत? त्या म्हणाल्या, पलीकडे झाडांखाली पडलेले आंबे कुजतायत. त्या अळ्या मातीत जाऊन नव्या माशा होतात. तिकडून येणारी मादी जोडीदार करूनच येते, तुमच्या सापळ्याकडे ती ढुंकूनही बघणार नाही. पडलेले आंबे उचलायला हवेत. मी म्हटलं, तुम्हीच सांगा त्याला. त्यावर त्या म्हणाल्या, "सरकारी काम असतं तर गेले असते. हे तुमच्या घरचं आहे."

चार दिवस मी नुसता धुमसलो. पाचव्या सकाळी गडगा ओलांडला. आप्पा ओटीवर बसला होता. भांडणाची तयारी करूनच गेलो होतो मी. तो म्हणाला, "आलास? घे टोपली. माझ्याच्यानं वाकवत नाही आताशा."

दोन्ही गुडघे गेले होते त्याचे. म्हणून आंबे पडून होते, आळशीपणानं नव्हे. गडग्यापलीकडची माशी मला दिसत होती, भावाचे गुडघे दिसले नव्हते. मंडळी, मला त्या दिवशी फार लाज वाटली. ओटीवर दोन टोपल्या होत्या. एक मी घेतली, दुसरी माझ्या मागोमाग आलेल्या गौरवनं. आंबे उचलून खोल खड्ड्यात पुरले, सापळे दोन्ही बागांत वाटून टांगले. पुढच्या हंगामात एकही पेटी परत आली नाही. बाग आहे.

आता एक कबुली. आप्पा सगळ्यांना सांगतो, "माझा हरी आपणहून आला." मी ते कधी दुरुस्त केलं नाही. आप्पा, आज सांगतो, मी तुझ्यासाठी नव्हतो आलो. आंब्यांसाठी आलो होतो.

काय म्हणतोस? जरा मोठ्यानं बोल, मागच्यांना ऐकू जाऊ दे.

ऐकलंत? तो म्हणतो, "ठाऊक आहे. बाई चार दिवस आधीच सांगून गेल्या होत्या, भाऊ येईल, टोपल्या काढून ठेवा."

विमलाताई, मान खाली घालू नका. सहा वर्षं तुम्ही मला पत्ता लागू दिला नाहीत. तुमचे आभार मी कोणत्या शब्दांत मानू?

अध्यक्षांनी वेळ दिला, आपण शांतपणे ऐकून घेतलंत, ऋणी आहे. बोलण्यात काही वावगं गेलं असेल तर आजच माफ करून टाका. आमच्या घरात त्याला नऊ वर्षं लागली. नमस्कार.