नोव्हेंबरातली चिचिलाकी

झुझुना : केस रंगवले म्हणजे रंगवले. त्यात एवढं तोंड पाडण्यासारखं काय आहे?

ग्वांत्सा : आत्या, फोनवर काय ठरलं होतं आपलं? जशी आहेस तशी बस.

झुझुना : तशीच बसलेय. फक्त केस काळे आहेत. नववर्षाच्या कार्डावर माझं तोंड साऱ्या तिबिलिसीत फिरणार, आणि मी कापूस पिंजल्यासारखी जाऊ?

ग्वांत्सा : त्या कापसासाठीच तर तुला मॉडेल केलं. मागून दिवा, पांढऱ्या केसांच्या कडा उजळलेल्या, चेहऱ्यावर मंद प्रकाश. सगळं ठरवून ठेवलं होतं मी. काळ्या केसांत उजेड नुसता बुडतो.

झुझुना : मग पुढून टाक.

ग्वांत्सा : पुढून टाकला की पासपोर्टचा फोटो होतो.

झुझुना : माझा चांगला आला होता. तुझा बाप बघून म्हणाला, ताई, कुणाचा खून केलास?

ग्वांत्सा : फोटो उद्या पाठवायचाय, आणि तू विनोद कर. तुझ्यामागे काहीतरी पांढरं हवं. उजेड धरेल असं.

झुझुना : ही चादर घे.

ग्वांत्सा : चादर समोरच राहू दे. दिव्याचा उजेड तिच्यावर आपटून तुझ्या तोंडावर येईल. मागे… थांब, आलेच.

झुझुना : कपाटावरून काय काढतेयस? आणि एवढं गुंडाळून का ठेवलंयस?

ग्वांत्सा : चिचिलाकी आहे.

झुझुना : नववर्षाचं झाड, नोव्हेंबरात? अजून कुणी ते तासायला हेझलची फांदीसुद्धा तोडली नाही. नववर्ष तोंडावर आल्याशिवाय बाजारात एक चिचिलाकी दिसत नाही. आण इकडे. या बटा बघ, संताच्या दाढीसारख्या. एवढ्या लांब तासल्यात, पण काठीपासून एक सुटलेली नाही.

ग्वांत्सा : हं.

झुझुना : वलिकोच्या, तुझ्या बापाच्या हातची आहे ही. गेल्या वर्षीची.

ग्वांत्सा : हो.

झुझुना : म्हणजे जाळलीच नाहीस. अगं पोरी, बाप्तिस्म्याच्या सणाच्या आदल्या दिवशी हिला चुलीत घालायचं, वर्षाची इडापिडा धुराबरोबर जाऊ द्यायची. शेंबड्या पोरालाही कळतं.

ग्वांत्सा : त्याच दिवशी आपण बाबांना माती देऊन आलो, आत्या. कुणाच्या लक्षात होतं? सगळे गेल्यावर मला ती कोपऱ्यात दिसली. हात धजला नाही.

झुझुना : आणि मी समजत होते, माझा गुडघा वयामुळे दुखतो.

ग्वांत्सा : आत्या.

झुझुना : गोठ्याचं छप्पर उडालं. कोल्ह्याने कोंबड्या नेल्या. शेजारच्या नोदारचं जमलेलं लग्न मोडलं. अख्ख्या आळीची पनवती तुझ्या कपाटावर पाय पसरून बसलेली, आणि मी इकडे गोळ्या खातेय.

ग्वांत्सा : हसू नको. मी ती परत ठेवणार आहे.

झुझुना : ठेवायची नाही. फोटो काढ आणि चुलीत घाल.

ग्वांत्सा : बाबांच्या हातचं दुसरं काय आहे माझ्याकडे? कोट आहे, तो शिंप्याने शिवलाय. घड्याळ आहे, ते विकतचं. ही त्यांनी केली.

झुझुना : दरवर्षी करायचा. एक तरी ठेवली? सगळ्यात सुरेख जमली होती, तीसुद्धा जाळली. आई हळहळली तर तिला म्हणाला, ठेवायचंच असतं तर स्टूल केलं असतं.

ग्वांत्सा : आधी फोटो. ही तुझ्यामागे ठेवते, खिडकीवर घोंगडी टाकते. चष्मा काढ, काचेत दिवा दिसतोय.

झुझुना : मग मला तू दिसणार नाहीस.

ग्वांत्सा : मला तू दिसलीस की झालं. हनुवटी खाली. लावला दिवा.

झुझुना : काय गं? दिवा गेला का?

ग्वांत्सा : नाही. किती पातळ तासलंय बाबांनी. एकेका बटेतून उजेड आरपार येतोय. वर्षभरात पिवळी पडलीय ना, मधात बुडवल्यासारखी दिसतेय. नवी असती तर असं झालं नसतं.

झुझुना : पहिली केली तेव्हा सात वर्षांचा असेल. आईने बघून विचारलं, ही कोंबडी अर्धीच का सोललीस? रुसून झाडावर चढला. मग उतरता येईना. चर्चला जाणारे सगळे खालून नववर्षाच्या शुभेच्छा देत गेले, आणि हा वरून प्रत्येकाला… काय करतेयस? दात दिसले ना माझे.

ग्वांत्सा : दिसले. हेच हवं होतं.

झुझुना : खालचा एक नाहीये.

ग्वांत्सा : तोही दिसला. बघ, कशी आहेस.

झुझुना : चष्मा दे. … अगं बाई. ही तर कुणी भली बाई वाटते.

ग्वांत्सा : हेच कार्डावर जाईल, बाबांच्या चिचिलाकीसकट. आत्या, चुलीचं दार उघड.

झुझुना : आत्ता? अजून दोन-चार काढून ठेव की.

ग्वांत्सा : पुष्कळ काढले.

झुझुना : मला नीट बघू दे एकदा. इथे गाठ होती, बघ. सुरी अडकली असेल, वळवून घेतलीय त्याने. … हं. घाल आता. तूच घाल.

(चुलीत भडका उठतो आणि बसतो.)

ग्वांत्सा : किती पटकन गेली.

झुझुना : वाळलेली होती. वलिको म्हणायचा, करायला अख्खी दुपार, जळायला वाइनचा एक घोट.

ग्वांत्सा : आणि मग काय करायचे बाबा?

झुझुना : दुसरा घोट घ्यायचा.