अर्धा तास बाकी होता

अगं, माझ्या लेकीच्या, पल्लवीच्या वकिलीच्या ऑनलाइन तोंडी परीक्षेत मीच घुसले होते, सांगते ऐक!

गुरुवारचा उपास होता. आमच्या रिठद गावात नेट टिकू दे, एवढंच देवाला मागितलं होतं. सकाळी दहाला मोबाइलवर 'घरपोच प्रसाद' अशी लिंक आली. मी श्रद्धेनं उघडली, मागितलेला कोड भरला आणि माझं व्हॉट्सअ‍ॅपच गेलं! तीच लिंक माझ्या नावानं भजनी मंडळाच्या बायांना जाऊ लागली. उपास चुकून मोडला तर मी देवापुढं लगेच कबूल करते, पण हे लाजेनं कोणालाच सांगितलं नाही.

दुपारी पल्लवी लॅपटॉपसमोर देशोदेशीचे सायबर कायदे सांगत होती. "लोकांची माहिती चोरीला गेली, तर युरोपात कंपनीला बहात्तर तासांत कळवावं लागतं. आपल्याकडे सहा तासांत."

परीक्षा घेणाऱ्या सरांनी विचारलं, "मग चांगला कायदा कोणता?"

ती अडखळली. दाराबाहेर ऐकत उभ्या मी घड्याळ पाहिलं. साडेतीन! तशीच आत धावले.

"पल्लवे, माह्यावालं दहाले झालं! अजून अर्धा तास हाये. कुठं कळवाचं?"

सगळं ऐकून सर हसले. "ताई, हा नियम कंपन्यांसाठी आहे. पण इतका वेळ लपवलं का?"

"लोकं मलेच बोलतीन ना जी!"

पल्लवी उसळलीच. "सर, हेच माझं उत्तर! मुदत कितीही असो, सांगणाऱ्याला भीती वाटत नाही तो कायदा चांगला."

"शाब्बास! आता मंडळाला कळवा."

पल्लवीच्या फोनवरून मी आधी मंडळाच्या अध्यक्ष कुसुमबाईंना फोन लावला. "बाई, माह्या नावानं लिंक आली तं दाबू नका!"

पलीकडून हळूच आवाज आला, "अवो, तशीच लिंक मी तं परवाच दाबली. कोणाले सांगू नका, बरं!"